यंत्राविरुद्ध न ओरडता यंत्रच वाजवणारा बँड : पोलंडचा रेपुब्लिका

पोलंड आणि पियानो म्हटलं की आपल्याला शोपँ आठवतो. 1982 मध्ये पोलंडच्या रेडिओवरून जो पियानो घरोघरी पोचला, त्याचं मात्र शोपँशी काही नातं नव्हतं. एकाच वेगात ठोकून काढलेले कोरडे स्वर, त्यांना कवायतीच्या चालीत साथ देणारे ड्रम, आणि वर एक तरुण आवाज. तो गातोय की फर्मान वाचून दाखवतोय, हे पटकन कळू नये असा. गाण्याचं नाव ‘कोंबिनात’. समाजवादी पोलंडमध्ये एकाच व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या सरकारी कारखान्यांच्या अवाढव्य पसाऱ्याला हा शब्द होता. बँडचं नाव रेपुब्लिका, म्हणजे ‘प्रजासत्ताक’.

पोलिश रॉकची ओळख करून घ्यायला इतर बँड काही कमी नाहीत. त्याच काळातले मानाम, परफेक्ट, लेडी पँक हे सगळे गाजलेले, आणि ऐकायला कदाचित जास्त सोपे. तरी मी रेपुब्लिकाकडे वळतो, कारण त्यांनी केलं ते इतरांनी केलं नाही. व्यवस्थेवर चिडलेले बँड पुष्कळ होते. रेपुब्लिकाने चिडण्याऐवजी व्यवस्थेची नक्कल केली. तिची भाषा उचलली, तिचा ताल उचलला, तिचा थंडपणा उचलला आणि ते सगळं इतकं हुबेहूब वाजवलं की ऐकणाऱ्याला आपण कुठे राहतो ते कळावं. त्यांची गाणी त्या राजवटीच्या नंतरही का टिकली, याचं उत्तरही मला तिथेच दिसतं.

बासरीवाल्याच्या हाती बँड

तोरुन हे विस्तुला नदीकाठचं जुनं शहर, कोपर्निकसचं जन्मगाव. तिथल्या विद्यापीठालाही त्याचंच नाव आहे. विद्यार्थ्यांचा एक क्लब होता, ‘ओद नोवा’. कम्युनिस्ट राजवटीत असे विद्यार्थी-क्लब म्हणजे जरा मोकळा श्वास घ्यायच्या जागा. नाटक, जॅझ, कविता, रॉक सगळं तिथे चालायचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी याच क्लबाच्या आसऱ्याने ‘रेस पुब्लिका’ नावाचा बँड उभा राहिला. म्होरक्या यान कास्तोर. गाणी लांबलचक, गुंतागुंतीची, ब्रिटनच्या जेथ्रो टल या बँडच्या वळणाची. जेथ्रो टलमध्ये बासरी पुढे असते, तशी इथेही होती. ती वाजवणारा मुलगा पोलिश भाषा-साहित्याचा विद्यार्थी होता : ग्झेगोश चेखोव्स्की, जन्म 1957, त्चेव गावचा.

1981 मध्ये कास्तोर बाहेर पडला आणि सूत्रं चेखोव्स्कीच्या हाती आली. त्याने घर झाडून काढलं. लांब गाणी गेली, नाव आटोपशीर झालं, बासरी बाजूला ठेवून तो स्वतः पियानोवर बसला आणि गायला लागला. गिटारवर झ्बिग्न्येव क्शिवान्स्की, बेसवर पावेल कुचिन्स्की, ड्रमवर स्वावोमिर चेशेल्स्की. बँड म्हणजे हे चौघे.

हा बदल एकट्या तोरुनमध्ये घडला नव्हता. सत्तरच्या दशकात रॉकमध्ये ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणून जे चाललं होतं त्यात एकेक गाणं पंधरा-वीस मिनिटांचं, वादकांच्या कसबाचं प्रदर्शन. पंकने ते मोडलं : तीन स्वरसंगती, दोन मिनिटं, आणि राग. पंकनंतर जी मंडळी आली त्यांना पंकचा आटोपशीरपणा हवा होता, पण डोकं बाजूला ठेवायचं नव्हतं. त्यांच्या संगीताला ‘न्यू वेव्ह’ म्हणू लागले. अमेरिकेचे टॉकिंग हेड्स, ब्रिटनचे एक्सटीसी आणि स्ट्रँगलर्स ही त्यातली मोठी नावं. रेपुब्लिकाची तुलना नेहमी यांच्याशीच होते. बँडनेही ते लपवलं नाही. त्यांच्या एका सुरुवातीच्या गाण्याचं नावच ‘बोलकी डोकी’ आहे.

लष्करी कायदा आणि पोस्टकार्डं

मग 13 डिसेंबर 1981 उजाडला. ऑगस्ट 1980 च्या संपांमधून उभी राहिलेली ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना सरकारला पेलेनाशी झाली होती. सत्तेवर असलेल्या जनरल यारुझेल्स्कींनी रातोरात लष्करी कायदा पुकारला. हजारो लोक तुरुंगात गेले, रात्रीची संचारबंदी आली, टेलिफोन बंद पडले. पुढे फोन सुरू झाले तेव्हा मध्येच ध्वनिमुद्रित आवाज ऐकू यायचा : हे संभाषण नियंत्रणाखाली आहे. ज्या देशात फोन उचलल्यावर हे कानावर पडतं, तिथे ‘तेलेफोनी’ नावाचं गाणं नुसतं टेलिफोनचं उरत नाही. रेपुब्लिकाचं हे गाणं त्याच दिवसांतलं आहे.

गंमत अशी, की पोलिश रॉकचा सुगीचा काळ नेमका हाच. लष्करी कायदा लागू असतानाच, 24 एप्रिल 1982 ला, पोलिश रेडिओच्या तिसऱ्या केंद्रावर मारेक न्येज्व्येत्स्कीने लोकप्रिय गाण्यांची साप्ताहिक यादी सुरू केली. या केंद्राला लोक ‘त्रुइका’ म्हणजे ‘तिसरं’ म्हणतात. मतदान श्रोत्यांचं, पोस्टकार्डांवर. देशात कुठल्याच मतदानाला अर्थ नव्हता तेव्हा लोकांनी या यादीसाठी मनापासून मतं टाकली. ‘कोंबिनात’, ‘ब्यावा फ्लागा’, ‘तेलेफोनी’ ही नावं देशभर पोचली ती या यादीतून. त्रुइकावरून अख्ख्या तबकड्याही लागत आणि पोरं टेपरेकॉर्डरसमोर बसून त्या उतरवून घेत, कारण दुकानात तबकडी मिळेल याची खात्री नसायची.

सरकारने हे चालू कसं दिलं? याचं प्रसिद्ध उत्तर म्हणजे ‘सुरक्षा झडप’. तरुणांच्या डोक्यातली वाफ गाण्यातून निघून जावी, रस्त्यावर येऊ नये, म्हणून वरूनच परवानगी होती असं म्हणतात. मला हे उत्तर अर्धंच पटतं. त्यात सरकारला फारच हुशार आणि एकजीव मानलं जातं. प्रत्यक्षात सरकारी जलसा-कंपन्यांना तिकिटं विकायची होती, रेडिओवाल्यांना श्रोते हवे होते, क्लबच्या व्यवस्थापकांना गर्दी हवी होती, आणि प्रत्येक जण आपापल्या खुर्चीपुरतं बघत होता. या सगळ्यांच्या मधल्या फटीतून रॉक वाढलं.

त्या फटीही तशा अरुंदच. व्यावसायिक कलावंत म्हणून मंचावर उभं राहायचं तर सरकारी परीक्षकांसमोर बसून दर्जा मिळवावा लागे, आणि मानधन त्या दर्जावर ठरे. गाण्याचे शब्द सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावे लागत. त्या खात्याचं मुख्यालय वॉर्सात मिशा नावाच्या रस्त्यावर होतं. तबकड्या काढणाऱ्या कंपन्या सरकारी, कागद आणि विनाइल तुटपुंजं. त्यात थोडी वाट निघाली ती परदेशस्थ पोलिश लोकांच्या भांडवलावर चालणाऱ्या छोट्या खासगी कंपन्यांमुळे. ‘पोल्तोन’ ही त्यांतली एक. रेपुब्लिकाचे पहिले दोन अल्बम, 1983 चा ‘नोवे सितुआत्स्ये’ आणि 1984 चा ‘न्येउस्तान्ने तांगो’, पोल्तोननेच काढले.

एक गोष्ट इथे नवख्या श्रोत्याला चकवते. ‘कोंबिनात’, ‘ब्यावा फ्लागा’, ‘तेलेफोनी’ ही ज्यांनी बँडचं नाव झालं ती गाणी पहिल्या अल्बमवर नाहीतच. ती रेडिओवर आणि छोट्या तबकड्यांवर होती. अल्बममध्ये सगळी वेगळी गाणी. आज कुठलाही बँड असला धाडसीपणा करेल असं वाटत नाही.

हा आवाज बनतो कशाने

आता मुख्य मुद्दा. रेपुब्लिकाचं एखादं गाणं दहा सेकंद ऐकलं तरी ओळखू येतं, ते का?

पहिलं कारण पियानो. रॉकमध्ये पियानो असतोच, पण एरवी तो एकतर नाचवतो नाहीतर हळवं करतो. चेखोव्स्कीने त्याच्याकडून तालवाद्याचं काम करून घेतलं. डाव्या-उजव्या हाताने तुटक, सारख्या अंतरावरचे आघात. पेडल दाबून स्वर लांबवायचा नाही, मिसळू द्यायचा नाही. पियानो हे शेवटी तारांवर हातोड्या मारणारं यंत्र आहे, हे त्याने श्रोत्याला विसरू दिलं नाही.

पियानोने ताल धरल्यावर गिटारची नेहमीची नोकरी गेली. रॉक बँडमध्ये गिटारवाल्याला मधोमध उभं राहून लांब सोलो वाजवायची हौस असते. क्शिवान्स्की ते करत नाही. त्याची गिटार मध्येच येते, अडकित्त्यात सुपारी कातरावी तसे एक-दोन स्वर कातरते आणि बाजूला होते. त्यामुळे मोकळी जागा उरते आणि त्या जागेत कुचिन्स्कीचा बेस ठळक ऐकू येतो. हेडफोन लावून पहिला अल्बम ऐकलात तर बऱ्याच ठिकाणी खरी चाल बेसमध्ये आहे, हे लक्षात येईल. चेशेल्स्कीचे ड्रमही तसेच कोरडे आणि काटेकोर. लष्करी कवायतीची आठवण यावी असे; पण कवायतीत नसतो तो एक अस्वस्थपणा त्यांत आहे, जणू पुढच्या पावलाला रांग मोडणार.

मग आवाज. चेखोव्स्कीचा आवाज मोठा नाही, गोड तर नाहीच. तो शब्द तोडून, दातांनी चावून उच्चारतो. बराच वेळ सपाट सुरात बोलल्यासारखं गातो आणि अचानक वरच्या पट्टीत किंचाळीच्या काठावर जातो. ती उडी कधी येईल ते सांगता येत नाही. इतक्या शिस्तीच्या संगीतात ती एकच गोष्ट बेशिस्त आहे, म्हणून ती अंगावर येते.

यात पोलिश भाषेचाही हात आहे. पोलिशमध्ये शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर पडतो, जवळजवळ नेहमीच. रॉकच्या ओळीला मात्र शेवटी ठाम ठोका हवा असतो. इंग्रजीत त्यासाठी एका अक्षराचे शब्द ढिगाने आहेत, पोलिशमध्ये कमी. म्हणून पोलिश रॉक अनेकदा शेवटाला सैल पडतं. मराठीत शब्दावरचा आघात एवढा जाणवत नाही, त्यामुळे आपल्याला ही अडचण चटकन कळत नाही. चेखोव्स्की साहित्याचा विद्यार्थी. त्याने आघाताशी भांडायचं सोडून दिलं. तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो, त्याचे तुकडे करतो, घोषणा किंवा सूचना द्याव्यात तशी छोटी वाक्यं रचतो. भाषेची अडचण अशी त्याच्या शैलीत मुरून गेली.

दुसऱ्या अल्बमपर्यंत हे सगळं जरा बदललं. ‘न्येउस्तान्ने तांगो’ म्हणजे ‘अखंड टँगो’. वेग उतरला, सिंथेसायझर वाढले, गाण्यांवर सावट आलं. कवायतीची जागा न संपणाऱ्या नाचाने घेतली. माझ्या मते पहिला अल्बम जास्त धारदार आहे आणि दुसरा जास्त भीतिदायक. गाण्यांची नावंच बघा : ‘थोर संमोहनकार’, ‘पाव्हलोवची कुत्री’, गोठून पडलेल्या माणसावरचं ‘हिबेर्नातुस’. पाव्हलोवच्या प्रयोगातलं, घंटा वाजली की लाळ गाळणारं कुत्रं आणि सभागृहात टाळ्या वाजवणारा नागरिक यांतला फरक वेगळा सांगायची गरज चेखोव्स्कीला वाटली नाही.

सेन्सॉरने खोडायचं काय?

शब्दांचं तंत्र समजून घ्यायला परफेक्ट या बँडशी तुलना करून बघावी. परफेक्टचं एक गाणं होतं, ‘आम्हाला आम्हीच व्हायचंय’ अशा अर्थाचं. मैफिलीत लोक त्यातले दोन शब्द किंचित बदलून म्हणायचे, की अर्थ व्हायचा ‘आम्हाला झोमोला बडवायचंय’. झोमो म्हणजे दंगलविरोधी पोलीस. हजारो लोक एका सुरात ते म्हणत आणि मंचावरची मंडळी निष्पाप चेहऱ्याने वाजवत राहत. हा एक मार्ग : लोकांना घोषणा द्यायची.

रेपुब्लिकाच्या गाण्यांत घोषणा सापडत नाही. शत्रूचं नावही नाही. चेखोव्स्कीने शब्द उचलले ते कारखान्याच्या सूचनाफलकावरून, तांत्रिक पुस्तिकेतून, सरकारी निवेदनातून. ‘उक्वाद स्तेरोवान्या’ म्हणजे ‘नियंत्रण-प्रणाली’. ‘सिस्तेम नेर्वोवी’ म्हणजे ‘मज्जासंस्था’. ‘प्रोंद’ म्हणजे ‘विद्युतप्रवाह’. ‘बेंजे प्लान’ म्हणजे ‘योजना येईल’. सगळं आयुष्य पंचवार्षिक योजनांत मोजलेल्या देशात याला वेगळं भाष्य लागत नाही. एका गाण्याचं नाव तर नुसतं ‘बरोबर’चं चिन्ह, दोन आडव्या रेघा. आता सेन्सॉरने यात खोडायचं काय? ‘नियंत्रण-प्रणाली’ हा शब्द आक्षेपार्ह म्हणायचा तर तो सरकारच्याच अहवालात पानोपानी आहे.

‘कोंबिनात’ याच पद्धतीचं. माणूस त्या पसाऱ्याचा भाग होऊन बोलतो. त्याला पसाऱ्याबाहेरचं असं काही उरलेलंच नाही. तक्रार नाही, रडणं नाही. एखाद्या चांगल्या गायकाने हे दुःखी सुरात म्हटलं असतं तर आपल्याला त्याची दया आली असती आणि विषय संपला असता. चेखोव्स्की ते कार्यक्षमतेने म्हणतो. भीती त्याचीच वाटते.

‘ब्यावा फ्लागा’ म्हणजे ‘पांढरं निशाण’ या गाण्याचा रोख मात्र वेगळीकडे आहे. कालपर्यंत बंडाच्या गोष्टी करणारे सगळे मित्र कुठे गेले, असा त्यात प्रश्न. पांढरं निशाण त्यांनी फडकवलंय. 1982 च्या पोलंडमध्ये हे ऐकणं सोपं नव्हतं, कारण बोट सरकारकडे नव्हतं, श्रोत्याकडे होतं. मला हे रेपुब्लिकाचं सगळ्यात शूर गाणं वाटतं. सरकारला शिव्या देऊन टाळ्या मिळतात. श्रोत्यालाच विचारलं की तू काय केलंस, तर टाळ्या मिळतीलच असं नाही. त्यांना तरीही मिळाल्या.

याच काटेकोरपणाचा दिसणारा भाग म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. कपडे काळे-पांढरे, मंच काळा-पांढरा, आणि मैफिलीला येणाऱ्या चाहत्यांच्या हातात काळी-पांढरी निशाणं. दुकानांत रंगीत असं फारसं काही मिळतच नव्हतं, त्या काळात उणिवेलाच गणवेश बनवणं ही नामी युक्ती होती. ज्या पोराकडे पैसे नाहीत त्यालाही एक काळा आणि एक पांढरा कपडा जमवता येतो.

टोमॅटो

पश्चिम पोलंडमधल्या यारोचिन या छोट्या गावात ऐंशीच्या दशकात दर उन्हाळ्यात रॉक महोत्सव भरायचा. देशभरातली पंक पोरं तिथे तंबू ठोकून राहत. 1985 मध्ये रेपुब्लिका तिथे गेले तेव्हा परिस्थिती उलटली होती. तीन वर्षांपूर्वीचा नवा आवाज आता रेडिओचा लाडका झाला होता, आणि पंकवाल्यांच्या लेखी रेडिओचा लाडका म्हणजे विकला गेलेला. बँड मंचावर आला आणि समोरून टोमॅटो, शिव्या, हाताला लागेल ते यायला लागलं.

चौघे हलले नाहीत. वाजवत राहिले. आणि हळूहळू मैदान त्यांच्या बाजूने झुकलं; शेवटी तेच लोक त्यांची गाणी म्हणायला लागले. पोलिश रॉकच्या इतिहासात ही मैफल आजही सांगितली जाते. मला त्यात शौर्यापेक्षा शैलीचा विजय दिसतो. गयावया करणारा किंवा उलट शिव्या देणारा बँड त्या दिवशी संपला असता. रेपुब्लिकाचं संगीत मुळातच प्रेक्षकाच्या लाडावर चालणारं नव्हतं. समोर कोण आहे याची पर्वा न करता चालत राहणं हीच त्याची जात.

तोवर परदेशाचा प्रयोगही करून झाला होता. गाणी इंग्रजीत करून ‘1984’ नावाचा अल्बम 1984 मध्येच ब्रिटनमध्ये काढला. नावात ऑर्वेलच्या हुकूमशाहीवरच्या ‘1984’ या कादंबरीकडे निर्देश उघडच आहे. त्याने तिथे फारसं काही घडलं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. लंडनच्या श्रोत्याला न्यू वेव्ह तोवर जुनी झाली होती. आणि सरकारी पोलिश शब्दांना रोजच्या जगण्याचा जो दर्प होता, तो इंग्रजीत उडून गेला. उरलं ते चांगलं वाजवलेलं ओळखीचं संगीत.

नागरिक ग. च.

1986 मध्ये बँड फुटला. चेखोव्स्की एकटा काम करू लागला आणि त्याने स्वतःला नाव घेतलं ‘ओबिवातेल ग्ये त्से’, म्हणजे ‘नागरिक’ आणि पुढे त्याच्या नावाची आद्याक्षरं. प्रजासत्ताक मोडलं, नागरिक उरला. याच नावाचा पहिला अल्बम 1986 मध्ये आला, दुसरा ‘ताक! ताक!’, म्हणजे ‘हो! हो!’, 1988 मध्ये.

दुसऱ्या अल्बममधलं ‘न्ये पीताय ओ पोल्स्के’ म्हणजे ‘पोलंडबद्दल विचारू नकोस’ हे गाणं थांबून ऐकण्यासारखं आहे. वर्षानुवर्षं थंडपणाने गाणारा माणूस इथे पहिल्यांदा उघडपणे हळवा होतो. पण देशभक्तीच्या नेहमीच्या वाटेने नाही. मळक्या स्टेशनांच्या, दमलेल्या माणसांच्या देशाबद्दल तो असं बोलतो, जसं एखादा आपल्या त्रासदायक प्रेयसीबद्दल बोलेल : तिच्याबरोबर का राहतोस, हे मला विचारू नका. पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये, राजवट गेली. गाणं राहिलं, आणि अजून गायलं जातं.

1990 मध्ये ओपोले शहरातल्या गीत-महोत्सवात रेपुब्लिका पुन्हा एकत्र आले. थोड्याच काळात बेसवर कुचिन्स्कीच्या जागी लेशेक बियोलिक आला. पुढचे अल्बम भराभर सांगतो : जुनी गाणी नव्याने वाजवलेला ‘1991’; 1993 चा ‘शुद्मा प्येचेंच’, म्हणजे बायबलमधली सातवी मोहोर, ज्यात मृत्यू आणि देव यांच्याशी झटापट आहे आणि गिटारला पूर्वीपेक्षा जास्त वाव; 1995 चा ‘रेपुब्लिका माझेन’. हे वाईट नाहीत. पण ज्या व्यवस्थेची नक्कल करायची ती व्यवस्थाच गेल्यामुळे बँड काही काळ चाचपडतोय असं मला यांत ऐकू येतं.

चाचपडणं संपलं ते 1998 च्या ‘मासाक्रा’मध्ये. आवाज इलेक्ट्रॉनिक, खरखरीत, त्या दशकाचा. त्यातलं ‘मामोना’ तुफान गाजलं. मामोना म्हणजे धनदेवता, पैसा. 1990 च्या सुरुवातीला पोलंडमध्ये एका झटक्यात बाजारव्यवस्था आणली गेली होती. काही जण रातोरात श्रीमंत झाले, पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. चेखोव्स्कीने इथे पुन्हा तेच केलं जे ‘कोंबिनात’मध्ये केलं होतं. बाजारावर टीका करणारं गाणं बाजाराच्याच भाषेत, चटकन तोंडात बसेल अशा चालीत लिहिलं. विक्रीसाठीच बनवलेल्या गाण्याचं सोंग घेतलेलं हे गाणं खरोखरच खपलं. म्हणजे नियंत्रण करणारा बदलला तरी रेपुब्लिकाची पद्धत चालत होती, आणि कम्युनिझम गेल्यावर ती जुनी का झाली नाही हे इथे कळतं.

मधल्या काळात चेखोव्स्की इतरांसाठीही राबत होता. युस्तिना स्तेच्कोव्स्का, काशा कोवाल्स्का या गायिकांच्या अल्बमांची निर्मिती त्याने केली. ‘ग्झेगोश झ चेखोवा’ हे खेडवळ वळणाचं टोपणनाव घेऊन 1996 मध्ये त्याने गावाकडच्या गायकांचे जुने आवाज इलेक्ट्रॉनिक तालावर बसवले. त्यातलं कोंबड्यांच्या आरवण्याचं ‘प्येयो कुरी प्येयो’ पोलंडभर वाजलं. ‘द विचर’ आपल्याकडे गेममुळे आणि मालिकेमुळे ठाऊक आहे. त्याच कथांवरचा पोलिश चित्रपट 2001 मध्ये आला, त्याचं संगीतही चेखोव्स्कीचंच.

22 डिसेंबर 2001 ला वॉर्सात, हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला आलेल्या फुगवट्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला. वय 44. बँड नव्या अल्बमवर काम करत होता. जे तयार होतं ते 2002 मध्ये ‘ओस्तात्न्या प्वीता’, म्हणजे ‘शेवटची तबकडी’, या नावाने आलं, आणि उरलेल्या तिघांनी रेपुब्लिका थांबवला. चेखोव्स्कीशिवाय त्या नावाने वाजवायचं नाही हे त्यांनी पाळलं. चेशेल्स्की, क्शिवान्स्की आणि बियोलिक यांनी पुढे गाणी मंचावर आणली ती ‘नोवे सितुआत्स्ये’ या नावाखाली, आणि गायला दुसरे. तोरुन शहर त्याच्या नावाने कलावंतांना पुरस्कार देतं, आणि डिसेंबरमध्ये ओद नोवा क्लबात त्याच्या आठवणीत मैफल होते.

ऐकायचं कुठून

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने ‘कोंबिनात’ आणि ‘ब्यावा फ्लागा’ लागोपाठ ऐकावीत, मग ‘नोवे सितुआत्स्ये’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत, गाणी न गाळता. तो जमला तर ‘न्येउस्तान्ने तांगो’. नाही जमला, फार कोरडा वाटला, तर सरळ ‘मामोना’ आणि ‘न्ये पीताय ओ पोल्स्के’कडे जावं, तिथून उलटं मागे येणंही चालतं. ऑनलाइन शोधताना बँडच्या नावाबरोबर चेखोव्स्कीचं नावही टाका, नाहीतर रिपब्लिक नावाचं भलतंच काहीतरी समोर येतं. आणि वर्ष तपासा. नव्वदच्या दशकात पुन्हा वाजवलेली रूपं मूळ ध्वनिमुद्रणांत मिसळलेली सापडतात. ती जास्त भरीव, जास्त गुळगुळीत आहेत. ज्या पियानोबद्दल इतकं लिहिलं, तो ऐकायचा तर 1982-83 चीच ध्वनिमुद्रणं घ्यायला हवीत.